गॅरेजमधली आठची गोळी

सिस्टरना गाडी चालवता येत नव्हती. हॅमिल्टनमध्ये गाडी न येणाऱ्या माणसाला दूध आणायलासुद्धा कुणाची तरी मनधरणी करावी लागते, आणि मनधरणी तर सिस्टरना त्याहून येत नव्हती. त्या सरळ हुकूम सोडायच्या. "उद्या सातला ये. हॉर्न वाजवू नकोस, शेजारची म्हातारी दचकते." मी हॉस्पिटलात नवा, वयाने लहान आणि त्यांच्याच रस्त्यावर राहणारा. त्यामुळे माझी नेमणूक परस्पर होऊन गेली. मला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

ड्रायव्हिंगची परीक्षा त्यांनी दिली होती, नाही असं नाही. पण शेजारी बसलेला परीक्षक खोकत होता. सिस्टरनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, त्याला जीभ बाहेर काढायला लावली, सिगारेटवरून यथेच्छ झापलं, आणि तेवढ्यात परीक्षेची वेळ संपली. "नापास केलं मेल्याने," त्या सांगायच्या, "पण नंतर कोपऱ्यावरच्या डेअरीत भेटला तेव्हा म्हणाला, सिगारेट निम्मी केली म्हणून." आपण नापास झालो याचं त्यांना काही वाटत नसे. निम्मी झाली ना, मग झालं.

मूळच्या त्या मिरजेच्या. तिथे बरीच वर्षं नर्स होत्या, मग नवऱ्याच्या नोकरीमागे न्यूझीलंडला आल्या. नवरा गेला, मुलगा सिडनीला गेला, ह्या हॅमिल्टनलाच राहिल्या. इथे हॉस्पिटलात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलासुद्धा. पण यांना नावाने हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही सिस्टर म्हणायचो, माओरी पेशंट 'सिस' म्हणायचे, आणि दोघांनाही त्या सारखंच "काय रे?" असं उत्तर द्यायच्या. पाचवारी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, वर हॉस्पिटलचं निळं जाकीट आणि खांद्याला पिशवी. पिशवीत डबाभर भडंग. माझ्या गाडीत शेजारी बसल्या की त्या पिशवी मांडीवर घ्यायच्या आणि पुढे साधा सिग्नल दिसला तरी उजवा पाय जोरात दाबायच्या. त्या बाजूची रबरी चटई पायाने पार झिजवली त्यांनी.

आमचं एचआयव्हीचं क्लिनिक म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एकीत डॉक्टर, दुसरीत सिस्टर, आणि क्लिनिकच्या दिवशी गोळ्या द्यायला फार्मसीतून मी. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एचआयव्ही म्हणजे मरणच, हे दिवस तोवर सरले होते. गोळ्या चांगल्या होत्या, फक्त त्या बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, न चुकता घ्याव्या लागत. वारंवार चुकल्या की विषाणू निर्ढावतो आणि मग त्या गोळीला जुमानत नाही. आणि आमच्या पेशंटांच्या गोळ्या चुकायचं नेहमीचं कारण होतं दारू. डॉक्टर रक्त बघायचे, सिस्टर दारू बघायच्या.

'दारू सोड' असं त्या कुणाला म्हणत नसत. एकदाच म्हणाल्या आणि तोंडावर आपटल्या, ते पुढे येईलच. 'किती पितोस?' असंही विचारत नसत. "किती विचारलं की माणूस खोटं बोलतो. एकदा खोटं बोलला की पुढच्या वेळी यायला त्याला लाज वाटते. मग आपण बसायचं रिकाम्या खुर्चीकडे बघत." त्यांचं एकच फर्मान असे: "पुढच्या वेळी येताना तुझा ग्लास घेऊन ये."

दुधाचा टँकर चालवणारा एक धिप्पाड माओरी गडी होता. तो ग्लास म्हणून जे घेऊन आला त्यात आमच्याकडे कुणीही कैरीचं लोणचं घातलं असतं. सिस्टरनी त्याला बेसिनपाशी नेलं आणि नळाचं पाणी भरायला सांगितलं, जसा रोज भरतोस तसा. त्याने भरला. मग त्यांनी पिशवीतून एक छोटं स्टीलचं माप काढलं आणि तो ग्लास मापामापाने बेसिनमध्ये ओतायला सुरुवात केली. माप भरत होतं, रिकामं होत होतं, पुन्हा भरत होतं, आणि त्या गड्याचा चेहरा उतरत होता.

"सिस, मी तर सगळ्यांना सांगतो, रोज एकच पितो म्हणून."

"खरंच सांगतोस रे. एकच पितोस. बादली एकच."

तो एवढ्या मोठ्याने हसला की डॉक्टर पलीकडच्या खोलीतून डोकावले. सिस्टरनी त्याला आपल्या घरातला चहाचा काचेचा ग्लास दिला आणि वर भडंगाचा पुडा. "आधी हे खायचं. पोट रिकामं असताना ग्लासला हात लावायचा नाही. आणि ग्लासच्या आधी गोळी." पुढच्या खेपेला तो दारातूनच माओरीत नमस्कार ठोकत ओरडला, "किया ओरा, सिस! तो तिखट भात हीप्स गुड!" हीप्स गुड म्हणजे एकदम झकास. भडंग त्याच्या पोरांनीच संपवला होता, पण ग्लास तो सिस्टरचाच वापरत होता.

कुणी फार अपराधी चेहरा करून बसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाप धुवायचं असेल तर देवळात जा, चर्चमध्ये जा. इथे आम्ही फक्त रक्त आणि लिव्हर बघतो." मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते घरी बायकोवर वापरून पाहिलं, चाललं नाही.

एके दिवशी विनय आत आला. हे त्याचं खरं नाव नाही. हे सगळं लिहितोय म्हटल्यावर तो म्हणाला, "बिनधास्त लिही, नाव घाल," पण मलाच बरं वाटेना. दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर, ख्राइस्टचर्चहून नुकताच बदलून आलेला. त्याला लागण झाल्याचं तिथेच कळलं होतं. बायकोला माहीत होतं, तिला लागण नव्हती, आणि त्या दोघांपलीकडे कुणालाही, भारतातल्या आईवडिलांनाही, पत्ता नव्हता. त्याने दार उघडलं, समोर खुर्चीत साडी नेसलेल्या सिस्टर आणि शेजारी माझ्यासारखा उघडउघड पुणेरी चेहरा पाहिला, आणि तसाच मागे फिरला.

त्याचं बरोबरच होतं. हॅमिल्टनमधली सगळी मराठी माणसं तेव्हा शाळेच्या एका हॉलमध्ये मावायची. कुणाच्या सासूचा गुडघा दुखला तर रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळायचं.

सिस्टर कॅनव्हासच्या बुटांत त्याच्या मागे धावल्या. कॉरिडॉरच्या टोकाला त्याला गाठलंच.

"पळतोस कुठे? हे बघ, या दाराच्या आत मी तुझी सिस्टर. बाहेर मी तुला ओळखत नाही. मंडळात भेटलास तर नव्याने ओळख करून घेईन. हाही घेईल." हा म्हणजे मी. "आणि याने तोंड उघडलं तर मी याचं काय करीन हे याला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं, पण मी जोरजोरात मान हलवली.

आणि खरोखरच, महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्याच कार्यक्रमात सिस्टर ताट हातात घेऊन विनयसमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नवीन दिसता. आडनाव काय म्हणालात?" इथपर्यंत ठीक. पण संक्रांतीला पुन्हा तेच. गुढीपाडव्याला पुन्हा तेच. "आडनाव काय म्हणालात?" सुरुवातीला विनय बिचकायचा, मग त्याला हसू आवरेना. मंडळात बोलबाला झाला की सिस्टरची स्मरणशक्ती चालली. माझ्या बायकोने तर त्यांना बदाम भिजवून दिले. सिस्टरनी ते निमूटपणे खाल्ले.

आता गॅरेज. आमच्याकडे कुणाच्या घरी जमलो की बायका हॉलमध्ये, मुलं वरच्या खोलीत इंग्रजीत भांडत, आणि पुरुष गॅरेजमध्ये. बापूकाकांचं गॅरेज सगळ्यांत मोठं, म्हणून बहुतेक शनिवारी अड्डा तिथे. गाड्या बाहेर काढायच्या, कॅरम मांडायचा, हीटर लावायचा, खुर्च्यांच्या मधे बिअरने भरलेली चिली बिन, म्हणजे बर्फाची पेटी. बापूकाका आमच्यातले वडीलधारे, मनाने उदार, पण चौकशा फार. तुमचा पगार, तुमचं घराचं कर्ज, दुसरं मूल कधी, सगळ्याचं उत्तर त्यांना हवं असे, आणि ते मिळाल्यावर सगळ्यांना सांगायलाही हवं असे. कुणी ग्लासला नाही म्हणालं की काकांचा तोफखाना सुरू. "का रे? लिव्हर? शुगर? बायकोने दम दिला? काय गोळ्याबिळ्या चालू आहेत काय?"

विनय म्हणूनच पीत होता. त्या गॅरेजमध्ये तो इतरांसारखा एक होता, आणि इतरांसारखं दिसायचं तर इतरांच्या दोन पावलं पुढे प्यायला हवं असं त्याने ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी सुरू व्हायचा तो रविवारीच थांबायचा.

इथेच सिस्टरनी ती एकमेव चूक केली. आपलाच मराठी मुलगा म्हणून त्यांचा तोल गेला असावा. श्रावणाच्या तोंडावर त्यांनी विनयला घरी बोलावलं, देव्हाऱ्यातल्या गणपतीवर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली, थेंबही घेणार नाही म्हणून. श्रावण पाळला त्याने, गणपतीही पाळले. विसर्जन झालं त्याच रात्री जो बसला तो काही दिवस उठलाच नाही. आणि शपथ मोडली म्हणून सिस्टरना तोंड दाखवायची लाज, म्हणून क्लिनिकला नाही, गोळ्या न्यायलाही नाही. शेवटी मीच डबी घेऊन त्याच्या घरी गेलो.

सिस्टर गाडीत बसून होत्या. मी परत आलो तेव्हा म्हणाल्या, "मूर्ख बाई आहे मी. बाकीच्यांना माप देते आणि याला शपथ दिली. माप चुकलं तर माणूस पुन्हा ओततो. शपथ मोडली की तोंड लपवतो." मग उतरल्या, विनयच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याने दार उघडताच म्हणाल्या, "तुझी शपथ मी परत घेतली. गणपतीला सांगून आलेय. बुधवारी ये." विनय आला. त्याबद्दल पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

तो यायला लागला, पण रक्ताचे रिपोर्ट काही सुधारेनात. विषाणूंचा आकडा खाली यायचा, पुन्हा वर जायचा. डॉक्टरांना वाटलं, गोळी लागू पडत नाही, बदलावी. गोळी बदलायची म्हणजे हातातला एक पत्ता कायमचा टाकून देणं, आणि त्या काळी हातात पत्ते फार नव्हते. म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही खोलीत बोलावलं आणि विनयला पुन्हा एकदा सगळं विचारलं.

"डॉक्टर, मी गोळ्या अगदी शिस्तीत घेतो," विनय म्हणाला. "दारू आणि गोळ्या तर मी कधीच एकत्र करत नाही. एकदाही नाही."

"स्वीट ॲज," डॉक्टर खूश होऊन म्हणाले, म्हणजे उत्तम. भिंतीवर तसंच पोस्टर होतं, बाटलीवर लाल फुली मारलेलं.

सिस्टर मात्र पुढे सरकून बसल्या आणि मराठीत आल्या. "विनय, परवा शनिवारी बापूंच्या गॅरेजमध्ये होतास. त्या रात्रीची गोळी?"

"ती कशी घेणार? प्यायलो होतो ना."

"आणि रविवारी सकाळची?"

"सिस्टर, तोंडाला वास होता अजून. आंघोळही नव्हती झाली. अशा तोंडाने औषध..."

"सोवळ्यातली गोळी आहे होय रे ती?"

विनय गोंधळला. त्याच्या घरी मटण झालं की त्या दिवशी देवाला हात लावायचा नाही, आणि वैद्याचं औषध सुरू असलं की पथ्य मोडल्या दिवशी औषधालाही हात लावायचा नाही. आईची शिस्त होती ती. गोळ्यांचं पावित्र्य तो जिवापाड जपत होता. सोमवार ते गुरुवार एकही गोळी चुकत नव्हती, आणि शुक्रवार ते रविवार एकही घेतली जात नव्हती, आणि यालाच तो नियम म्हणत होता. मला हसावं की रडावं कळेना. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग डॉक्टरांना सोवळं म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायला घेतलं. त्यात त्यांची जी दमछाक झाली ती बघण्यासारखी होती. देव, मटण, ओला टॉवेल, आई, सगळं येऊन गेलं. शेवटी डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तेही टेबलावर हात मारून हसले.

गोळी बदलायची नाही असं ठरलं. डॉक्टरांनी विनयला स्वच्छ सांगितलं की तुझ्या या गोळ्यांचं दारूशी तसं वैर नाही. दारू कमी कर, लिव्हरचा विचार कर, पण प्यायलास तरी गोळी घे. जाता जाता सिस्टरनी ते पोस्टर उलटं करून भिंतीला तोंड लावून ठेवलं. ते तसंच राहिलं.

"पण सिस्टर, शनिवारी आठला गॅरेजमध्ये घेऊ कशी?" विनयने दारात विचारलं. "खिशातून काढली की बापूकाका विचारणार कसली. बाथरूममध्ये गेलो तरी मागून येऊन विचारतील बरं नाही का म्हणून. आणि कमी प्यायलो तर तेही विचारणार."

सिस्टर म्हणाल्या, "बघते."

काय बघितलं ते मला पुढच्या गटारीला कळलं. गटारी आषाढातल्या अवसेची खरी, पण आम्ही ती जवळच्या शनिवारी ढकलतो, कारण हॅमिल्टनमध्ये सोमवारी कामावर जावं लागतं. भर थंडी, बाहेर धुकं. सिस्टर गाडीत बसल्या तेव्हा पिशवीत भडंगाच्या डब्याशेजारी बी व्हिटॅमिनची मोठी बाटली होती.

"पिणाऱ्यांना हे व्हिटॅमिन चांगलं असतं, बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर."

"मग मला खोटं बोलायला लागणार नाही. कुणी शंका काढली तर तू फार्मसिस्ट म्हणून ठामपणे सांगायचं. पुण्याचा आहेस, तुला जमेल."

बापूकाकांच्या घरी पोचल्यावर त्या हॉलमध्ये बायकांत न बसता थेट गॅरेजमध्ये शिरल्या. कॅरमचा स्ट्रायकर कुणाच्या तरी बोटाखालीच थांबला. ग्लास खुर्च्यांखाली गेले. एक बाईमाणूस, तेही सिस्टर, तेही गटारीला.

"लपवू नका रे, मी काय आंधळी आहे?" त्या म्हणाल्या. "आजपासून या गॅरेजचा कायदा. आधी भडंग. मग आठ वाजता सगळ्यांनी ही व्हिटॅमिनची गोळी घ्यायची. गोळी पोटात गेल्याशिवाय ग्लास हातात नाही. आणि ओतायचं ते या मापाने."

"सिस्टर, ही गटारी आहे की ओपीडी?" बापूकाका म्हणाले.

"तुमच्या लिव्हरकडे बघता ओपीडीच आहे, बापू. हात पुढे करा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुणेरी ठामपणाने सांगितलं की वैद्यकीयदृष्ट्या हे अत्यंत योग्य आहे. आठला सिस्टरच्या मोबाईलचा गजर झाला तशा त्या एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत गेल्या, शाळेत खाऊ वाटतात तशा. सगळे मोठमोठे इंजिनिअर, मॅनेजर कुरकुरत, हसत, एकमेकांना कोपरखळ्या मारत हातात पाण्याचे ग्लास घेऊन उभे राहिले. मी विनयच्या समोर होतो. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला, आपल्या गोळ्या काढल्या, सिस्टरनी दिलेल्या गोळीसोबत उघड्यावर, बापूकाकांच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायला. कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळेच गोळ्या घेत होते. विनयने माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. त्याचे डोळे भरले होते. मी माझी व्हिटॅमिन पाण्याबरोबर गिळून टाकली.

मापाचंही तसंच झालं. सगळ्यांनाच मोजून मिळत होतं, त्यामुळे विनयला कमी का, हा प्रश्नच उरला नाही. सिस्टर एका घडीच्या खुर्चीवर माप घेऊन बसल्या, कॅरमच्या दोन राण्या घेतल्या आणि दहाच्या सुमाराला म्हणाल्या, "चल रे, सोड मला घरी." जाताना विनयसमोर थांबल्या. "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

पुढे ती प्रथाच पडली. शनिवारी आठ वाजले की गॅरेजमध्ये कुणीतरी ओरडायचं, "सिस्टरची गोळी!" थट्टाही खूप झाली. मागून लोक त्यांना मापवाल्या बाई म्हणत. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात एकाने साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून त्यांची नक्कल केली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या. एका नव्या सुनेने मला खासगीत विचारलं, की त्यांना म्हातारपणाचा काही त्रास आहे का. मी म्हटलं, असावा. काय सांगणार? मला राग मात्र यायचा. एकदा गाडीत मी तो बोलून दाखवला, की तुम्ही कुणासाठी हे करता आणि लोक तुम्हाला खुळी म्हणतात. सिस्टरनी एका अगदी निरुपद्रवी चौकापाशी पाय दाबला आणि म्हणाल्या, "म्हणू दे की. माझ्याकडे बघतात तोवर त्याच्याकडे बघत नाहीत."

विनय एका दिवसात सुधारला असं नाही. मधूनमधून घसरायचा. आईच्या आजारपणाचं कळलं तेव्हा पुन्हा तीन दिवस बसला होता, पण त्या तीन दिवसांत गोळी एकही सोडली नाही, आणि चौथ्या दिवशी स्वतःच ग्लास घेऊन सिस्टरकडे आला. हळूहळू शुक्रवार सुटला, मग रविवार. रक्तातल्या विषाणूंचा आकडा इतका खाली गेला की तपासणीत दिसेनासा झाला. ते डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी सिस्टरनी अख्ख्या क्लिनिकला भडंग वाटला, आणि टँकरवाल्या गड्याने काही कारण माहीत नसताना त्यांना उचलून गोल फिरवलं.

मग त्या निवृत्त झाल्या. मिरजेला परत जायचं ठरवलं. मुलगा सिडनीला बोलावत होता, पण त्या म्हणाल्या, गुडघे मी मिरजेच्याच डॉक्टरला दाखवणार. निरोपाचा कार्यक्रम बापूकाकांच्या गॅरेजमध्येच झाला. त्या दिवशी पहिल्यांदा बायका आणि मुलंही तिथे आली. हार, शाल, केक, आणि भाषणांमागून भाषणं. प्रत्येकाने त्यांच्या एकेका चक्रमपणाचा किस्सा सांगितला. ड्रायव्हिंगची परीक्षा झाली, आडनावं विसरणं झालं. सगळे खो-खो हसत होते. बापूकाका म्हणाले, "एवढी वर्षं त्या गोळ्या गिळल्या, पण बाईंच्या डोक्यात नेमकं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही बुवा."

विनय उभा राहिला. त्याच्या बायकोने त्याचा हात धरला, ओढून बसवायला नाही, नुसताच.

"सिस्टर," तो म्हणाला, "माझं आडनाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

लोक अजून हसतच होते. मग त्याने सगळ्यांकडे वळून सांगितलं. मला एचआयव्ही आहे. आठला मला गोळी घ्यायची असायची आणि तुमच्यासमोर घ्यायची हिंमत नव्हती. मी पीत होतो आणि थांबता येत नव्हतं. म्हणून सिस्टरनी तुम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि तुम्हा सगळ्यांना मोजून पाजलं. एवढंच होतं त्यांच्या डोक्यात. मी होतो.

कुणाचा तरी मुलगा इंग्रजीत म्हणाला, "डॅड, केक कधी कापणार?" आणि त्याला गप्प केलं गेलं.

सिस्टर खुर्चीतून उठल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "गाढवा! एवढी वर्षं तोंड शिवून बसले मी, खुळी म्हणवून घेतलं, बदाम खाल्ले, आणि तू भाषणात सांगून मोकळा झालास?" त्या विनयच्या आणि लोकांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, शाल खांद्यावरून लोंबत होती, आणि बापूकाकांकडे अशा बघत राहिल्या, की विचारा, एक चकार शब्द विचारून तर बघा.

सगळेच काकांकडे बघत होते. या माणसाने आयुष्यात कुणाला प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं.

बापूकाकांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आठ वाजले का रे?"

वाजत आले होते. काका रंगाच्या डब्यांच्या फळीपाशी गेले, तिथली व्हिटॅमिनची बाटली काढली आणि एकेकाच्या हातावर गोळी ठेवत निघाले. त्यांनी आपल्या बायकोच्या हातावर ठेवली, माझ्या बायकोच्या, त्या नव्या सुनेच्या. विनयपाशी आल्यावर त्याच्या हातावर ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटून क्षणभर तशीच धरली. शेवटी सिस्टरसमोर आले.

"मला कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "मी कुठे पिते?"

"आम्हाला तरी कुठे गरज होती, सिस्टर," बापूकाका म्हणाले. "हात पुढे करा."

सिस्टरनी हात पुढे केला. गोळी तोंडात टाकली, विनयने दिलेल्या ग्लासातलं पाणी प्यायल्या, आणि मग रडल्या, चांगल्या मोठ्याने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा.